सुपारी चाखणाऱ्याचं तोंड

आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी सुपारी खाल्ली नाही. असं त्यांचं म्हणणं. लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हापासून मी ते ऐकत आले, आणि त्यात खोटं वाटावं असं मला काही दिसलं नव्हतं. जेवणानंतर पान असायचं, पानात कातरलेली सुपारी असायची, पण ते पान झालं. सुपारी खाणारे म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून पुडी फाडणारे, भिंती रंगवणारे. आम्ही पोफळींच्या वाडीवाले. सुपारी आमच्याकडे पिकते, वाळते, सोलली जाते, पोत्यात भरली जाते, देवापुढे मांडली जाते. आपणच तोंडात टाकत बसलो तर विकायचं काय, असं सासरे म्हणायचे आणि हेही तेच म्हणायचे.

खायची नाही, पण चाखायची. हे काम आमच्या घराकडे कधी आलं ते मला ठाऊक नाही. गावातला कुणीही वाडीवाला माल व्यापाऱ्याला दाखवायच्या आधी आमच्या ओटीवर आणायचा. हे अडकित्ता घेऊन बसायचे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली सुपारी काढायची, कानाशी हलवायची, फोडायची, तिचं पोट बघायचं आणि मग एक फोड दाढेखाली धरून डोळे मिटायचे. तेवढा वेळ ओटीवर कुणी बोलत नसे. फोड चावून झाली की अंगणात थुंकायची आणि निकाल सांगायचा. "आतून ओली आहे, अजून ऊन दाखव." "ह्यात जुनी मिसळलीयस, मला शिकवू नकोस." "गोड आहे. शेटला म्हणावं, भाव पाडू नको."

शेट गुजराती. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचा, पण भाव करायला बसला की त्याला स्वतःची भाषा आठवायची. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काकाए चाखी ने?" काकांनी चाखली म्हटलं की तो पोत्याचं तोंड सोडायच्या भानगडीत पडत नसे. हंगामात सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत ह्यांची दाढ रिकामी नसायची. गावात आमचा जो काही मान होता तो त्या दाढेमुळे होता, आणि मलाही त्याचं कौतुक होतं.

मग माझं कालवण तिखट व्हायला लागलं. म्हणजे ह्यांना लागायला लागलं. "मिरची बदललीस का?" मिरची तीच, हात तोच, बांगडेही तेच. मी चिडायचे. एकदा म्हटलं, उद्यापासून लहान मुलासारखा दूधभात खा. तर दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच दूधभात मागितला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण मासळीशिवाय ह्यांचा घास उतरत नाही. पुढे भाकरीचा घास मोठा होतो म्हणायला लागले. जांभई आली की गाल धरायचे. पान झोंबतं म्हणून पान सोडलं. शेवटी गावातल्या दाताच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं आपला छोटा आरसा आत घालून बघायचा प्रयत्न केला, तो नीट जाईना. त्यानं हातमोजे काढून ठेवले आणि म्हणाला, "मुंबईला जा. जिथे डॉक्टर शिकतात अशा मोठ्या हॉस्पिटलात जा. इथे वेळ घालवू नका."

संशोधन हा शब्द मी तोवर पेपरातच वाचला होता. मला वाटायचं, पांढरे उंदीर असतील, काचेच्या नळ्या असतील. प्रत्यक्षात तो एक लांबच लांब व्हरांडा होता, आणि बाकांवर आमच्यासारखीच डबा घेऊन आलेली माणसं बसली होती. माणसाचा एकेक अवयव एकेका दाराआड वाटून दिलेला. एका खोलीत हृदयवाल्यांना पट्ट्यावर चालवत होते. एकीत साखरवाल्यांच्या डोळ्यांचे आतून फोटो काढत होते. तिसऱ्या दारासमोर अंग खाजवणाऱ्यांची रांग होती, हल्ली गजकर्णाला जुनी मलमं लागू पडत नाहीत म्हणून त्यावर काही चाललं होतं. मी ह्यांची वाट बघत बसले असताना एक मुलगी माझ्याकडे आली आणि गोड आवाजात म्हणाली, "काकू, गुडघे दुखतात का तुमचे?" मी म्हटलं, "दुखतात, पण ते मला हवेत." ती हसली. तिला माझे गुडघे नको होते, नुसतं त्यांच्याकडून दोन प्रकारचे व्यायाम करून घ्यायचे होते. कुठला व्यायाम खरा उपयोगी, हे म्हणे अजून कुणाला नक्की माहीत नाही. मला गंमत वाटली. माझ्या समजुतीप्रमाणे डॉक्टरांना सगळं माहीत असतं आणि ते आपल्याला सांगत नाहीत. इथे त्यांना माहीत नाही आणि ते तसं उघड सांगत होते.

आमची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं कागदावर गालाचं चित्र काढून दाखवलं. सुपारीमुळे गालाच्या आतल्या कातडीखाली दोरे तयार होतात, ते घट्ट होत जातात आणि तोंड मिटत जातं. पूर्वीसारखं पुन्हा होत नाही, थोडंफार उघडतं. आणि काहींना पुढे त्यातूनच कॅन्सर होतो. हे शेवटचं तिनं ह्यांच्याकडे बघून सांगितलं, माझ्याकडे न बघता, आणि मला ते आवडलं.

"काका, आता सुपारी खाता? गुटखा, मावा, पान?"

"पान होतं. झोंबायला लागलं तेव्हापासून बंद."

"म्हणजे आता काहीच नाही? सुपारीचं एक खांडही नाही?"

"खात नाही मी सुपारी. कधीच नाही खाल्ली."

मी शेजारी मान हलवत होते. आम्ही दोघं आमच्या मते खरं बोलत होतो.

मग तिनं अभ्यासाचं विचारलं. ह्या आजारावर एक नवी गोळी आली आहे. सगळ्यांना जुने उपचार द्यायचेच, इंजेक्शनं, तोंडाचे व्यायाम. त्यावर अर्ध्यांना नवी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार. तिलाही कळणार नाही. अट एकच, सुपारी पूर्ण सोडलेली हवी. नाहीतर गोळी काम करत नाही, की गोळीचं काम सुपारी मोडतेय, हे समजणार कसं?

"तुम्हालाच माहीत नाही, तर बरं कसं करणार?" हे म्हणाले.

"म्हणूनच तर, काका. मला माहीत असलं, तर ज्याला नवी गोळी दिलीय त्या माणसाचं तोंड मला जरा जास्तच उघडलेलं दिसेल."

बाहेर आल्यावर हे खूश होते. म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. पोतं सख्ख्या भावाचं आहे हे आधी कळलं की जीभ खोटी होते. मी पोतं कुणाचं ते चाखून होईपर्यंत विचारत नाही." सही त्यांनी झोकात केली. मला वाटतं, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आपल्यासारखंच काम करणारं कुणीतरी भेटलं, असं त्यांना वाटलं असावं.

महिन्यातून एकदा जायचं ठरलं. पहाटेची एसटी, म्हसळा, माणगाव, मग हायवे. घरी व्यायाम असा, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एक वाढवायची. हे आरशासमोर बसून, घड्याळ लावून करायचे. देवपूजा चुकली असेल, काड्या चुकल्या नाहीत.

त्या बाकावर उरणकडचा एक ट्रेलरवाला भेटायचा. बापाचं मिठागर होतं, ते गेलं, आणि हा बंदरावरचे कंटेनर ओढतो. रस्त्यात झोप येऊ नये म्हणून गुटखा धरला आणि तिशीतच तोंड असं मिटलं, की चमचा आडवा जाईना. अभ्यासासाठी त्यानं गुटखा सोडला होता आणि त्या सोडण्यानं तो हैराण होता. बोटं सतत खिशाशी जायची. त्याला छोटी मुलगी होती. ती म्हणे रोज त्याच्यासमोर बसून "बाबा, आ कर" म्हणायची आणि आत बघायची. त्याचं ह्यांच्याशी सूत जमलं. भेटला की पहिला प्रश्न, "काका, किती काड्या?" हे आकडा सांगायचे आणि त्याची कमी असली की वर दोन शब्द सुनवायचे. तो मला म्हणायचा, "काकू, काका लय नियमाचा मानूस हाय. मी त्यांच्याकडं बघूनच चालतंय."

पावसाळाभर ह्यांचं तोंड उघडत गेलं. फार नाही, पण गेलं. झोंबणं कमी झालं. नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर होड्या गेल्या आणि पहिली ताजी मासळी आली, तेव्हा त्यांनी माझं कालवण मिटक्या मारत खाल्लं. मी चुलीशी उभी राहून बघत होते. डॉक्टरही मोजपट्टी बाजूला ठेवून म्हणाली, "छान, काका." ट्रेलरवाल्यानं बाकावर बसल्या बसल्या टाळी दिली.

मग हंगाम आला. सुपारी वाळली, पोती भरली, ओटी गजबजली. ह्यांचा अडकित्ता बाहेर निघाला. आणि हळूहळू एकेक काडी कमी व्हायला लागली. आधी म्हणाले थंडीमुळे. मग म्हणाले दाढ दुखते. मग एका दुपारी पोती चाखून आत आले आणि म्हणाले, "आज जेवण नको, पेज कर थोडी."

मी पेज ढवळत होते आणि माझा हात थांबला. सासरेही शेवटची वर्षं पेजेवरच होते. त्यांच्या आधी आजेसासरेही. सासूबाईंनी मला नवी नवरी असताना स्वयंपाकघर दाखवताना सांगितलं होतं, "आपल्याकडचे पुरुष म्हातारपणी पेजेवर येतात हो, तांदूळ जुना ठेवत जा." मी ते घराची रीत म्हणून ऐकून घेतलं होतं, जसं गणपतीला कुठली भाजी करायची ते ऐकलं. त्या घरात बायकांचं तोंड कधी मिटलं नाही, शब्दशः नाही आणि दुसऱ्या अर्थानंही नाही. मिटलं ते चाखणाऱ्यांचं. इतकी वर्षं सगळ्यांनी ते वयामुळे होतं म्हणून सोडून दिलं होतं.

वाटी पुढे ठेवली आणि म्हटलं, "अहो, हे बंद करा."

"काय?"

"चाखणं."

"डॉक्टरनं खाणं बंद सांगितलंय."

"गालाला काय कळतंय, तुम्ही खाताय की चाखताय?"

"गिळतो का मी? थुंकतो ना!"

"पावसात चाखायला नव्हती, तेव्हा उघडलं होतं. तुम्ही स्वतः बघितलंत."

त्यांनी वाटी बाजूला सारली. मग हळू म्हणाले, "आणि ओटीवर काय सांगू? चाखणाऱ्याचंच तोंड सुपारीनं मिटलं? एवढं बाहेर गेलं की शेट माल घेईल? माझ्या एकट्याची वाडी आहे का? सगळ्या गावाची आहे." आणि थोड्या वेळानं, "तिथेही बोलायचं नाही. अभ्यासातून काढतील. तू बोलायचं नाहीस. तोंड माझं आहे."

म्हणजे त्यांना कळलं होतं. माझ्या आधीच कळलं असेल. मला अतिशय राग आला आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली, कारण ते बोलले त्यातलं गावाबद्दलचं काहीच खोटं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचं ते शेवटचं तोंड येत होतं, फुलपात्राची कडही आत न जाणारं. आणि डॉक्टरनं उच्चारलेला तो शब्द. त्या मुलीचा सगळा अभ्यास शेवटी समोरच्याच्या 'नाही'वर उभा होता. तिच्याकडे यंत्रं होती, मोजपट्ट्या होत्या, कॉम्प्युटर होता. पण माणूस घरी जाऊन तोंडात काय टाकतो, हे तिला तोच सांगणार. आमचं एक 'नाही' चुकीचं निघालं, तर कदाचित एक चांगली गोळी वाईट ठरेल आणि कुठल्या तरी गावातल्या माणसाला ती कधी मिळणारच नाही. मी ठरवलं, पुढच्या खेपेला मीच सांगायचं. मग घरी माझं काय व्हायचं ते होवो.

पुढच्या खेपेच्या पहाटे आम्ही एसटीत बसलो. डॉक्टरसाठी त्यांनी सोडणासकट दोन असोले नारळ पिशवीत घेतले होते. सोबत थोडी सुपारी घ्यावी का, असं आदल्या संध्याकाळी त्यांनी सवयीनं विचारलं होतं. मी नुसतं बघितलं, त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

डॉक्टरनं मोजलं. पुन्हा मोजलं. "काका, कमी झालंय. बरंच. व्यायाम चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मध्ये काही खाल्लंत का? एखाद्या लग्नात पान वगैरे?"

"नाही."

मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी बोलले असते. ते तसं नव्हतं, विनवल्यासारखं होतं. एवढ्यात डॉक्टर म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा, मी सरांना विचारून येते," आणि उठली. मी ह्यांच्या मागून बाहेर आले.

बाहेर ट्रेलरवाला होता. "काका, किती?"

"कमी झालं," हे म्हणाले.

"कमी? तुमचं?" त्याचा चेहरा उतरला. तो बाकावर बसला, पुन्हा उठला. "काका, तुमी खात न्हाय, पीत न्हाय, रोज काड्या घालता. तुमचंच मिटतंय, तर मंग आमचं काय व्हनार? आपल्याला साधीच गोळी दिली असंल. मी उगाच जीव मारतंय. गाडीवर डोळा लागतो, बरोबरचे हसतात, घरी चिडचिड व्हते." मग त्यानं खिशातून गुटख्याची पुडी काढली आणि तळहातावर धरली. "आज सकाळी घेतली. फाडली न्हाय अजून. मना वाटलं, काकांचं माप बघू, मंग ठरवू."

आम्ही तिघं त्या पुडीकडे बघत होतो. मी इतके दिवस मनाशी घोकलेलं सगळं माझ्याकडे तयार होतं, पण ते डॉक्टरला सांगायचं होतं. ह्या माणसाला काय सांगायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

"फाडू नकोस," हे म्हणाले.

"का न्हाय?"

"मी खातो."

"काय खाता?"

"सुपारी. आमच्यात त्याला चाखणं म्हणतात, पण खातोच मी. हंगाम आहे. सकाळपासून दुपारपर्यंत दाढेखाली असते." थांबून थांबून बोलत होते, कारण तोंड उघडत नव्हतं, आणि दुसरंही काही असेल. "पावसात नव्हती तेव्हा माझं उघडलं. तू टाळी दिलीस मला. आता पुन्हा मिटलं. गोळीला नाव ठेवू नको. व्यायामालाही नाव ठेवू नको."

मला वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. तो भडकला. "काका, हे आधी सांगायचं व्हतं ना! मी तुमच्याकडं बघून दिवस काढलं. पोरीची शपथ घालून काढलं. आन् तुमी..." समोरच्या गजकर्णवाल्यांच्या रांगेतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. हे खाली मान घालून बसले होते. ओटीवर सगळं गाव ज्याच्या निकालाची वाट बघत बसायचं, त्या माणसाला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता.

शेवटी ट्रेलरवाल्यानं पुडी माझ्यासमोर धरली. "काकू, ही तुमी टाका कुठं तरी. माझ्या हातनं कचऱ्याच्या डब्यात जाईल असा भरोसा न्हाय मना." मी ती पर्समध्ये टाकली. वळून बघितलं तर डॉक्टर दारात उभी होती. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

आत नेऊन तिनं चाखणं म्हणजे नेमकं काय, ते पहिल्यापासून सांगायला लावलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, तुम्हाला अभ्यासातून बाहेर काढावं लागेल. उपचारातून नाही, ते चालूच राहतील."

"म्हणजे इतके महिने मोजलं ते फुकट?"

"फुकट कसं? किती लोकांना वगळलं आणि का वगळलं, तेही आम्हाला लिहावं लागतं. आणि कोकणातून येणाऱ्याला आता मी हेसुद्धा विचारीन." मग तिनं गालाच्या आत उजेड टाकून बराच वेळ बघितलं आणि एक छोटा तुकडा तपासायला घेतला. त्याचा निकाल यायला काही दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. कॅन्सर नव्हता. फोनवर ते ऐकलं आणि मी मागच्या पडवीत जाऊन पोटभर रडले.

ओटीवर त्यांनी स्वतःच सांगितलं. माझा चुलत दीर म्हणाला, "दादा, हे शेटच्या कानावर जायला नको." एकानं गमतीत म्हटलं, "मग आता वहिनी चाखतील!" त्याला मी जे बोलले त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. शेट आला, नेहमीसारखं विचारलं, "काकाए चाखी ने?" हे म्हणाले, "नाही. यापुढे चाखणार नाही." का, ते शेटनं विचारलं नाही. खाली बसून पोत्याची गाठ सोडली आणि एकेक सुपारी फोडून बघायला लागला. त्याला खूप वेळ लागला, आणि भाव थोडा पडला. आमच्यामुळे पडला असं काहींचं म्हणणं आहे, बाजारच मंदीत होता असं काहींचं. लोक आता माल परस्पर नेतात. ट्रेलरवाल्याचा अधूनमधून फोन येतो. त्याचं तोंड उघडतंय. गोळी कुठली होती ते अजून त्याला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. तो ह्यांच्याशी बोलतो, पण आकडा विचारत नाही.

या वर्षी आमच्या नव्या पोफळींना पहिलं पीक आलं. काही वर्षांपूर्वी आलेल्या मोठ्या वादळात अर्धी वाडी एका दुपारी आडवी झाली होती. पडलेल्यांत सासऱ्यांच्या हातचं एक झाड होतं, त्याची सुपारी सगळ्या आळीत गोड. नशिबानं त्याचं बियाणं घरात होतं. ह्यांनी त्याची रोपं केली, एकेकाला केळीच्या सावलीत जपलं, उन्हाळ्यात स्वतः पाणी घातलं, आणि वर्षांमागून वर्षं फळाची वाट बघितली. बियाण्यात गोडी उतरली की नाही, हे झाडाकडे बघून कळत नाही.

सुपारी वाळली. त्यांनी एक सोलली आणि ओटीवर बसून फोडली. पोट सुंदर होतं, पांढरं, बारीक रेघांचं. नाकाशी धरली. बोटांत फिरवली. मग दोन्ही फोडी पाटावर ठेवल्या आणि वाडीकडे बघत बसले. मला ते बघवेना. वाटलं, गोडी उतरली का ते निदान मी तरी सांगीन त्यांना. मी एक बारीक कपरी उचलली आणि दाढेखाली धरली.

"थुंक!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले, की वाडीत पोफळीच्या गळलेल्या पानांच्या विऱ्या गोळा करणारी बाई मान वर करून बघायला लागली. त्या मिटलेल्या तोंडातून एवढा आवाज कुठून निघाला, मला कळलं नाही. "थुंक आधी. चूळ भर." स्वतः उठून तांब्या आणला, माझ्या ओंजळीत पाणी घातलं. "नीट भर. गालात फिरव. अजून एकदा." घाईघाईत निम्मं पाणी त्यांनी माझ्या पदरावर सांडलं. माझं होईपर्यंत ते उभे राहिले, मग पाटावरच्या फोडी गोळा करून त्यांनी परसात लांब भिरकावल्या.

सुपारी कशी होती ते मला तेवढ्यात कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.